बँकेतला चेक आणि बुद्धिबळातला शह

४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटण्याची रीत बदलली. पूर्वी दिवसभरात जमा झालेले चेक गठ्ठ्याने पुढे जायचे आणि पैसे खात्यावर यायला एक-दोन दिवस लागायचे. आता दिवसा ठरलेल्या वेळात चेक भरला की त्याचा फोटो लगोलग समोरच्या बँकेकडे जातो आणि त्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही कळवायचं असतं. काहीच कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. रिझर्व्ह बँकेचा हा निर्णय पेपरात आला तेव्हापासून पिंपळगाव बसवंतच्या आमच्या मामांचा एकच प्रश्न: "फोटोच पाठवायचा तर कागद कशाला?"

ही चर्चा ओट्यावर चालली असताना मामांचा नातू मध्ये पडला. पोरगा सहावीत आहे, बुद्धिबळाच्या क्लासला जातो. कांद्याच्या पैशांचा चेक मामांच्या हातात होता. त्याकडे बघत तो म्हणाला, "आजोबा, ह्याला चेक का म्हणतात? चेक तर राजाला देतात ना?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग रे, तुझं वाचन आहे."

मी तेव्हा जे सांगितलं ते अर्धवट होतं. घरी येऊन शब्दकोश उघडले, जुने संदर्भ पाहिले, आणि लक्षात आलं की पोराने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. बँकेतला चेक आणि पटावरचा चेक हा एकच शब्द आहे. एवढंच नाही, ज्याला आपण अस्सल इंग्रजी समजतो तो हा शब्द मराठीत कित्येक पिढ्या दुसऱ्या रूपात नांदतो आहे. ते रूप म्हणजे शह.

हे कसं, ते पहिल्यापासून सांगतो.

एका दिवसात किती चेक

सकाळी टाकीतलं पाणी चेक करतो. कपाटातून चेक्सचा शर्ट काढतो. वर्षातून एकदा बीपी-शुगरचं चेकअप होतं. ओझरहून विमान पकडायचं तर चेक-इन, रेल्वेत तिकीट चेकर, निवडणूक लागली की रस्त्यावर चेकपोस्ट. सिन्नरच्या कोरडवाहू पट्ट्यात नाल्यावर सिमेंटचा बंधारा बांधतात, अंदाजपत्रकात त्याचं नाव चेक डॅम. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपात एक झडप असते, पाणी वर जाऊ देते पण माघारी येऊ देत नाही. ती चेक व्हॉल्व्ह. 'क्रॉस चेक' म्हणाल तर बँकेत त्याचा अर्थ कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारलेला चेक, आणि कचेरीत त्याचा अर्थ पुन्हा एकदा पडताळून बघा.

कापडावरच्या चौकटी, पाणी अडवणं, तब्येत तपासणं आणि पैसे देणं यांचा एकमेकांशी काय संबंध? वरवर पाहिलं तर काहीच नाही. इथे व्युत्पत्ती कामाला येते. व्युत्पत्ती म्हणजे शब्द मुळात कुठून आला आणि वाटेत त्याचं रूप नि अर्थ कसे बदलत गेले, त्याचा इतिहास. शब्दाचा सातबाराच म्हणा, सगळ्या फेरफार नोंदींसह. जमीन आज कुणाच्याही नावावर असो, फेरफार मागे मागे चाळत गेलं की मूळ खातेदार सापडतो. चेकच्या सातबाऱ्यावरचा मूळ खातेदार एक राजा आहे.

पटावर नेमकं काय घडतं

ग्रँडमास्टर विदित गुजराथी नाशिकचा. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात तो होता. त्यामुळे इथल्या मुलांना शह समजावून सांगावा लागत नाही. ज्यांचा पटाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी मात्र थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं याच एका क्षणातून उगवलं आहे.

समोरच्याच्या मोहऱ्याने राजावर रोख धरला की राजाला शह बसला. मग खेळणाऱ्यापुढे तीनच वाटा राहतात: राजा हलवायचा, शह देणारा मोहरा मारायचा, किंवा दोघांच्या मध्ये आपला मोहरा घालायचा. चौथं काही करता येत नाही. तुमचा हत्ती फुकट जात असू द्या, चार चालींपासून रचलेला बेत आता फळणार असू द्या, ते सगळं बाजूला. आधी राजा बघायचा. चालू डाव तिथे अडतो, आणि मान वळवून एका गोष्टीकडे पाहावंच लागतं.

हे दोन तुकडे लक्षात असू द्या: अडणं आणि पाहणं.

आता शब्द. फारसीत राजाला शाह म्हणतात. जुने खेळाडू समोरच्याला सावध करण्यासाठी नुसतं "शाह!" म्हणायचे. म्हणजे "राजा! सांभाळ." रस्त्यावर पोर खेळत असलं आणि मागून ट्रॅक्टर आला की आपण पूर्ण वाक्य बोलत नाही, नुसतं ओरडतो, "अरे, गाडी!" शाह हा तसाच पुकारा. तोच मराठीत शह झाला. बादशहा, पातशाही, निजामशहा यांतला शहाही हाच.

आणि राजा पुरता कोंडला की "शाह मात". फारसीत मात म्हणजे निरुपाय झालेला, हतबल. काहीजण त्याचा अर्थ अरबीवरून 'मेला' असा लावतात, पण मला पहिला अर्थ जास्त पटतो, कारण पटावर राजा कधी मारला जात नाही. त्याला जायला घर उरत नाही, इतकंच. 'संकटावर मात केली' असं आपण म्हणतो त्यातला मात हाच. इंग्रजीतलं चेकमेट म्हणजे शाह मात. अक्षरशः तेच दोन शब्द, तोंडं बदलत गेल्यामुळे उच्चार वेगळा.

शाह चा चेक कसा झाला

इथे वाचक अडखळतो, आणि ते साहजिक आहे. 'शाह' कुठे, 'चेक' कुठे. पण उच्चार मनाला येईल तसे बदलत नाहीत. प्रत्येक भाषेची जीभ ठरावीक जागी अडते आणि ठरावीक जागी वळते.

खेळ निघाला भारतातून. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांचं सैन्य म्हणून नाव चतुरंग. इराणात त्याचं चतरंग झालं. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं आणि खेळ उचलला. अरबी जिभेला 'च' नाही आणि 'ग' नाही, म्हणून चतरंगचं शतरंज झालं. स्पेन-इटलीच्या बाजूने इ.स. १००० च्या आसपास तो युरोपात पोचला. तिथल्या पंडितांची भाषा लॅटिन, आणि लॅटिनला 'श' नाही. त्यांनी शाहचं स्कॅकस केलं.

पुढे फ्रेंच. जुन्या फ्रेंच माणसाला शब्दाच्या सुरुवातीला 'स्क', 'स्ट' असं जोडाक्षर जड जायचं, म्हणून तो पुढे 'ए' लावायचा. आपल्याकडे जुनी माणसं स्टेशनला इस्टेशन म्हणायची, तोच प्रकार. शिवाय लॅटिनमधला 'का' फ्रेंचमध्ये बहुतेक ठिकाणी 'च' झाला. अशा रीतीने स्कॅकसचं एश्चेक झालं. नॉर्मन सरदारांबरोबर फ्रेंच इंग्लंडात गेली, इंग्रजांनी पुढचा 'ए' गाळला, आणि उरला चेक.

हा 'का' चा 'च' एकट्या याच शब्दात झाला असता तर मीही शंका घेतली असती. पण चेंबर घ्या. लॅटिनमधल्या कॅमेरा या शब्दाचा, म्हणजे खोलीचा, फ्रेंचमधून आलेला तो अवतार. स्टेट आणि इस्टेट ही जोडी घ्या. एकाच जुन्या फ्रेंच शब्दाची ती दोन रूपं, एकाचा 'ए' गळला, दुसऱ्याचा टिकला. नियम एकच, चेकला वेगळी सवलत दिलेली नाही.

एक गंमतही यात दडलेली आहे. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचं अनेकवचन व्हायचं, त्यातून इंग्रजीत चेस हे खेळाचं नाव आलं. म्हणजे चेस म्हणजे 'अनेक चेक', आणि मुळापर्यंत गेलं तर 'अनेक राजे'.

एक खोड, दोन ओलांडे

द्राक्षाचा वेल पाहिलेल्याला पुढचं सोपं जाईल. जमिनीतून खोड एकच वर येतं. मांडवाच्या तारेपाशी पोचलं की त्याचे दोन्ही अंगांना दोन ओलांडे काढतात आणि त्या ओलांड्यांवर पुढच्या काड्या फुटतात. घड लागतात ते काड्यांवर. खाली उभं राहून नुसते घड बघत राहिलं तर कोणता घड कुठल्या खोडाचा ते कळत नाही. काडी धरून मागे यावं लागतं.

चेकचं खोड म्हणजे शाह. त्याचा एक ओलांडा गेला शह देण्याच्या कृतीकडे. अडवणं, आवर घालणं, तपासणं या काड्या त्यावरच्या. दुसरा ओलांडा गेला ज्या पटावर शह देतात त्या पटाकडे, म्हणजे चौकटींकडे. चेक्सचा शर्ट त्यावरचा. आणि मामांच्या हातातला कागद हा एकच घड असा आहे की ज्याला दोन्ही ओलांड्यांचा रस मिळाला आहे. त्याचा अर्थ पहिल्याकडून आला, स्पेलिंग दुसऱ्याकडून.

अडवण्यातून तपासणं कसं निघालं

पहिला ओलांडा आधी धरू. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत हा शब्द पटाबाहेर पडलेला दिसतो. चालून येणाऱ्या फौजेला चेक बसला, म्हणजे ती अडली. पुढे त्याचा अर्थ आवर, अंकुश असा रुळला. चेक डॅम पाण्याला अडवतो, तपासत नाही. चेक व्हॉल्व्हही तसाच. ही दोन नावं त्या जुन्या अर्थाची जिवंत साक्ष आहेत.

मला यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट सांगतो. मराठीने फारसीकडून शह थेट उचलला आणि तोही पटाबाहेर आणला. 'विरोधकांना शह', 'शह-काटशहाचं राजकारण' हे मथळे आपण रोज वाचतो. इंग्रजीने तोच शब्द अरबी, लॅटिन, फ्रेंच अशा तीन उंबऱ्यांवरून नेला आणि त्याच अर्थाशी येऊन टेकली. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच पटावरून एकच उपमा उचलली.

मराठीचा शह तिथेच थांबला. इंग्रजीचा चेक मात्र आणखी एक पाऊल पुढे गेला, आणि त्या पावलामुळेच आज तो आपल्या तोंडी इतका बसला आहे. ते पाऊल म्हणजे अडवण्यापासून तपासण्यापर्यंत.

बाजार समितीच्या आवारात कांद्याचा ट्रॅक्टर येतो तेव्हा भुईकाट्यावर आधी भरलेल्या गाडीचं वजन होतं. माल खाली झाला की रिकाम्या गाडीचं वजन होतं. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे तुमचा कांदा. वजनाची पावती व्यापाऱ्याकडे असते, तशी शेतकऱ्याच्या खिशातही असते. आता व्यापाऱ्याने पाच किलो इकडे-तिकडे करायचं मनात आणलं तरी हात आखडतो, कारण दुसरी पावती आहे. ती दुसरी पावती कुणाला ओरडत नाही की धरत नाही. ती नुसती असते, आणि तिच्या असण्यानेच लबाडीला आवर बसतो.

हाच तो दुवा. सतराव्या शतकात इंग्रजीत अशा ताडून पाहायच्या दुसऱ्या नोंदीला चेक म्हणू लागले. ती लबाडीला शह देते म्हणून चेक. मग अशा नोंदीशी ताडून पाहण्याच्या क्रियेलाही चेक करणं म्हणू लागले, आणि हळूहळू आवर घालण्याचा भाग मागे पडून नुसतं 'बघून खात्री करणं' उरलं. टाकीतलं पाणी चेक करताना आपण कुणालाच अडवत नसतो. पण चेकपोस्टवर दोन्ही अर्थ अजून शेजारी शेजारी उभे आहेत: तिथे आधी गाडी अडवतात, मग तपासतात.

चौकडीचं कापड आणि राजाची तिजोरी

आता दुसरा ओलांडा. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये एश्चेकिए असं म्हणत. त्यावरून चौकटी-चौकटींच्या कोणत्याही नक्षीला चेक्स नाव पडलं. आपण ज्याला चौकडीचं कापड म्हणतो ते.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा हिशेब एका मोठ्या टेबलावर व्हायचा. टेबल सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, कडेला चार बोटं उंच पट्टी, म्हणजे वरच्या चकत्या खाली पडू नयेत. त्यावर काळं कापड अंथरलेलं आणि कापडावर रेघा. परगण्यांचे अधिकारी वर्षातून दोनदा वसुली घेऊन यायचे. रेघांमधल्या रकान्यांत चकत्या मांडून पौंड, शिलिंग, पेन्स मोजले जायचे. अक्षरओळख नसलेल्यालाही डोळ्यांपुढे दिसावं की किती आलं, किती बाकी. तेव्हाच्या रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने या पद्धतीवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला आहे. त्यात तो म्हणतो की पटावर दोन राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि वसुली अधिकारी यांच्यात होते. मला ही उपमा फार खरी वाटते. वसुलीचा हिशेब देणारा आणि घेणारा समोरासमोर बसले की तो डावच असतो.

त्या पटासारख्या कापडावरून खात्याचं नाव पडलं एक्सचेकर. आजही ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात. जगातल्या एवढ्या मोठ्या पदाच्या नावात बुद्धिबळाचा पट आहे, आणि पटाच्या नावात इराणचा राजा.

त्याच कचेरीत पावती म्हणून लाकडाची चपटी काठी वापरायचे. रकमेइतक्या खाचा पाडायच्या, मग काठी उभी चिरायची आणि दोघांनी एकेक अर्धुकं घ्यायचं. पुढच्या वेळी दोन्ही तुकडे जुळवले की खाचा तंतोतंत बसायला हव्यात. एकाने गुपचूप जास्तीची खाच पाडली तर लगेच उघडं पडणार. दुसरी पावती, पुन्हा एकदा. या काठ्यांचे ढीग १८३४ साली लंडनच्या पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतले आणि त्या आगीत पार्लमेंटची इमारतच जळाली.

मग कागदाला चेक का म्हणतात

आता मामांच्या हातातल्या कागदाकडे येऊ. 'माझ्या खात्यातून अमक्याला इतके पैसे द्या' अशी चिठ्ठी लंडनचे लोक सतराव्या शतकातही लिहीत होते. तेव्हा तिला चेक म्हणत नव्हते. अठराव्या शतकात बँकांनी छापील कागद द्यायला सुरुवात केली. त्याचा एक भाग फाडून द्यायचा आणि एक भाग मागे राहायचा. तो मागे राहणारा भाग, ज्याला आपण काउंटरफॉइल म्हणतो, तोच मुळात चेक! कारण खोट्या किंवा खाडाखोड केलेल्या कागदाला शह द्यायचं काम त्याचं. पुढे ज्याला असा भाग जोडलेला आहे त्या सबंध कागदालाच चेक म्हणू लागले, आणि शेवटी ज्याचं नाव होतं तो तुकडा बिननावाचा झाला.

स्पेलिंगमध्ये शेवटी आलेली 'क्यू-यू-ई' अक्षरं एक्सचेकरच्या स्पेलिंगच्या प्रभावाने आली. पैशाचा कागद, म्हणून खजिन्यासारखं लिहावं असं इंग्रजांना वाटलं असणार. अमेरिकेत अजून साधं स्पेलिंग चालतं, आणि खरं तर जुनं तेच आहे.

हे समजल्यावर मी मामांचं चेकबुक मागून घेतलं. एकही काउंटरफॉइल भरलेलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ठिबकच्या नळ्यांसाठी एका दुकानदाराला पुढच्या तारखेचा चेक दिला होता. नोंद केली नाही, विसरून गेले, खात्यात पैसे कमी पडले आणि चेक परत आला. दुकानदार ओळखीचा म्हणून फोनवर भागलं. नाहीतर १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ आहे. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत घेणाऱ्याने नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर देणाऱ्याला १५ दिवसांची मुदत, त्यात पैसे दिले नाहीत तर खटला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट बाजूने, तुमच्याकडे आलेला चेक परत गेला तर ते ३० दिवस तुमचे आहेत. 'बघू, देईल' म्हणत ते घालवू नका.

आणि मामांच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. कागद आता पहिल्या बँकेतच थांबतो, पुढे त्याचा फोटो जातो. पण सही कागदावर असते, आणि वाद झाला तर तोच बघावा लागतो. चेकच्या तळाशी विचित्र घाटाचे आकडे असतात, ते यंत्राने वाचायचे. त्यातला नऊ आकड्यांचा गट शोधा. त्यातले पहिले तीन शहराचे असतात, आणि नाशिकचे आहेत ४२२, आपल्या पिनकोडसारखेच. पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे.

१ जानेवारी २०२१ पासून आणखी एक सोय आली आहे, पॉझिटिव्ह पे. ५० हजार रुपये किंवा त्याहून मोठा चेक दिला की त्याचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम आपणच आपल्या बँकेला आधी कळवून ठेवायची. चेक आला की बँक दोन्ही ताडून बघते. म्हणजे अठराव्या शतकातलं काउंटरफॉइल आता बँकेच्या संगणकात जाऊन बसलं आहे. नाव नवं आहे, पण चेक हा शब्द ज्या कामासाठी जन्मला तेच हे काम.

"हे तर चौक वरून आलं असेल"

हे मला दोघांनी सांगितलं. चौकट, चौकडी, चेक्स, ऐकायला जुळतं खरं. पण चौक आला संस्कृत चतुष्कवरून, चारच्या हिशेबाने. चेक्समध्ये चार कुठेच नाही, तिथे राजा आहे. दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणजे ते भाऊ नसतात. त्यासाठी मधल्या फेरफार नोंदी दाखवाव्या लागतात, आणि चौकपासून चेक्सपर्यंत तशी एकही नोंद नाही. चेक प्रजासत्ताकाचंही तसंच, ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे.

"चेक अरबी 'सक्क' वरून आला असं वाचलंय"

हा आक्षेप जास्त वजनदार आहे. मध्ययुगात अरब व्यापाऱ्यांमध्ये सक्क नावाची लेखी हमी चालायची, आणि तिचं काम चेकसारखंच होतं. आपल्याकडे हुंडी होतीच. म्हणून चेकची कल्पना युरोपने एकट्याने काढली असं कुणी म्हणू नये. पण प्रश्न कल्पनेचा नाही, शब्दाचा आहे. इंग्रजीत पैशाच्या चिठ्ठीला आधी वेगळी नावं होती, चेक हे नाव काउंटरफॉइलकडून तिच्याकडे सरकलं, आणि हे सरकणं लिखाणात दिसतं. शब्द थेट सक्कवरून आला असता तर तो पहिल्यापासून चिठ्ठीलाच चिकटलेला दिसला असता.

"म्हणजे शब्द शेवटी आपलाच"

इथे मात्र जरा जपून. खेळ आपला, यात शंका नाही. शब्द इराणचा. शाह हे रूप जुन्या पर्शियन क्षायथिय या शब्दाचं. इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस इराणचा सम्राट दारयवहू (डॅरियस) याने तिथल्याच बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरला, त्यात तो स्वतःला हेच म्हणवतो. या शब्दाचा धातू आणि संस्कृतमधल्या क्षत्र, क्षत्रिय यांचा धातू एकच, राज्य करणे या अर्थाचा. पण म्हणून शाह संस्कृतातून निघाला असं होत नाही. संस्कृत आणि जुनी पर्शियन या बहिणी आहेत. एका आजीच्या दोन नाती, एक दुसरीची आई नव्हे. शाह आणि क्षत्रिय हे मावसभाऊ.

त्या घराण्यातला आणखी एक शब्द खुद्द नाशिकात दगडावर कोरलेला आहे. पांडवलेणीची चढण चढून १० नंबरच्या लेण्यात जा. तिथे नहपान राजाचा जावई उषवदात याचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. नहपानाला त्यात क्षत्रप म्हटलं आहे. क्षत्रप म्हणजे राज्याचा रक्षक, आणि ती पदवी जुन्या पर्शियनमधून आलेली. तिच्या पोटातलं क्षत्र म्हणजे शाहच्याच मुळाचं. जवळच ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. क्षहरात, म्हणजे याच नहपानाच्या वंशाचा उच्छेद करणारा, असं ती आपल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल लिहून ठेवते.

दिवाळीच्या सुट्टीत मामा आणि नातवाला घेऊन मी तिथे गेलो होतो. उषवदाताच्या लेखात काय लिहिलंय ते मामांना सांगितलं. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. ती गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे ठेवली, २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. आणि शेवटी लिहिलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं.

मामा बराच वेळ भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मूळ नोंद गावातल्या फळ्यावर, आणि दुसरी इथे दगडात. हे तर काउंटरफॉइलच झालं की."